अमेरिकी ‘फॉरेन ट्रेड झोन’मधील बचत नेमकी कुठे होते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या वाढत्या आयात शुल्काविषयी मराठी वृत्तपत्रांत सध्या पुष्कळ लिहिले जाते. त्यात तेथील ‘फॉरेन ट्रेड झोन’चा, म्हणजे परकीय व्यापार क्षेत्रांचा, उल्लेख हटकून येतो आणि बहुतेक वेळा तो ‘या क्षेत्रात माल ठेवला की सीमाशुल्क लागत नाही’ एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करणारा वाचक म्हणून मला हे वाक्य अर्धवट वाटते. शिवाय अमेरिकेला माल पाठवणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या कारखानदाराने त्यावर विसंबून दर ठरवला, तर तो गोत्यात येऊ शकतो. म्हणून या क्षेत्रांत शुल्क कोणत्या वाटेने वाचते, कुठे वाचत नाही आणि अलीकडच्या आदेशांनी त्यातली कोणती वाट बंद केली, हे जरा तपशिलाने मांडण्याची परवानगी असावी. पत्र लांबले आहे, याची कल्पना आहे. पण विषयच असा आहे की तो चार ओळींत सांगितला की चुकीचा सांगितला जातो.

हे क्षेत्र अमेरिकेच्या भूमीवरच असते. तेथील पोलीस, कामगार कायदे, अन्न व औषधांचे नियम सगळे तेथे लागू असतात. केवळ सीमाशुल्काच्या हिशेबापुरते ते देशाच्या सीमाशुल्क हद्दीबाहेर आहे, असे कायद्याने मानले जाते. परदेशी माल बंदरातून थेट या क्षेत्रात आला, तर त्याची रूढ अर्थाने आयात झालीच नाही, असे धरतात. तो साठवता येतो, तपासता येतो, त्याची नवी बांधणी करता येते, दुसऱ्या मालात मिसळता येतो आणि या क्षेत्रांना मंजुरी देणाऱ्या सरकारी मंडळाची मंजुरी असेल तर त्यापासून नवी वस्तूही बनवता येते. किरकोळ विक्री मात्र सर्वसाधारणपणे करता येत नाही. शुल्काचा प्रश्न माल क्षेत्राच्या फाटकातून अमेरिकी बाजारात जायला निघतो तेव्हाच उभा राहतो. आपल्याकडच्या विशेष आर्थिक क्षेत्राशी याची गल्लत करू नये. आपली क्षेत्रे निर्यातीसाठी म्हणून आखली गेली. अमेरिकेतील क्षेत्रांत येणारा बहुतांश माल शेवटी अमेरिकेतच खपतो.

याचे मूळ १९३० सालच्या स्मूट-हॉली कायद्यात आहे. त्या कायद्याने आयात शुल्क इतके चढवले की जगभरच्या देशांनी उलट शुल्क लावले आणि व्यापार आटला. त्या काळात हॅम्बुर्गसारखी युरोपीय मुक्त बंदरे डोळ्यांसमोर होती. परदेशी माल उतरवायचा, निवडायचा आणि शुल्काच्या फेऱ्यात न अडकता पुढे तिसऱ्या देशात पाठवायचा, अशी तेथील रीत होती. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर यांच्या पुढाकाराने अमेरिकेत तसा कायदा झाला आणि जून १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. पहिले क्षेत्र न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर १९३७ मध्ये सुरू झाले. मूळ कायद्यात कारखानदारीला मनाई होती. ती १९५० च्या दुरुस्तीने उठली. तरीही पुढची कित्येक वर्षे ही योजना जवळपास गोदामापुरतीच राहिली. ती खऱ्या अर्थाने फोफावली १९८० नंतर, आणि त्याचे कारण एका मूल्यांकनाच्या निर्णयात आहे. त्याकडे थोड्या वेळाने येतो. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मिळून अडीचशेहून अधिक क्षेत्रे मंजूर आहेत. त्यांना मंजुरी देणाऱ्या मंडळावर वाणिज्य आणि अर्थ खात्यांचे मंत्री असतात आणि रोजची देखरेख ‘कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन’ हा विभाग करतो.

पहिली बचत काळाची आहे. बंदरात माल सोडवताना शुल्क भरावे लागते. क्षेत्रात नेला तर तो बाहेर काढेपर्यंत भरावे लागत नाही. बॉन्डेड गोदामातही, म्हणजे शुल्क न भरलेला माल सीमाशुल्क विभागाच्या देखरेखीखाली ठेवण्याच्या गोदामातही, शुल्क लांबते, पण तेथे पाच वर्षांची मर्यादा आहे. परकीय व्यापार क्षेत्रात तशी मुदत नाही. समजा, एका आयातदाराचा सरासरी दोन कोटी डॉलरचा माल कायम साठ्यात असतो आणि त्यावर १० टक्के शुल्क आहे. क्षेत्र नसते तर त्या साठ्यापोटी २० लाख डॉलर सरकारजमा होऊन बसले असते. ७ टक्के व्याजाने त्याची वर्षाची किंमत १ लाख ४० हजार डॉलर होते. शुल्काचा दर २५ टक्के झाला, तर अडकणारी रक्कम ५० लाखांवर आणि व्याज साडेतीन लाखांवर जाते. म्हणजे दर जितका चढा, तितका लांबणीचा फायदा मोठा. पण या हिशेबात वाचते ते व्याज. माल विकायला काढला त्या दिवशी मूळ शुल्क पैन् पै भरावेच लागते. ‘शुल्क लागत नाही’ आणि ‘शुल्क आज लागत नाही’ यांतले हे अंतर वृत्तपत्रीय लेखनात हमखास पुसले जाते. साठा झपाट्याने फिरवणाऱ्या धंद्याला, म्हणजे आठवड्याभरात माल दुकानांत पोचवणाऱ्याला, हा फायदा नगण्य असतो. हंगामी माल सहा-सहा महिने आधी आणून ठेवणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो.

यंत्रसामग्रीचा एक पोटप्रकार येथे नोंदवण्यासारखा आहे. कारखाना उभारताना परदेशातून आणलेली उत्पादनाची यंत्रे क्षेत्रात नेऊन तेथे जोडता आणि तपासता येतात; ती प्रत्यक्ष उत्पादनाला लागेपर्यंत त्यांच्यावरचे शुल्क थांबते. उभारणीला दोन-दोन वर्षे घेणाऱ्या प्रकल्पाला याचा हातभार लागतो.

दुसरी बचत खरी शुल्कमाफी आहे, पण ती ठरावीक मालापुरती. क्षेत्रातून पुन्हा परदेशी गेलेल्या मालावर सर्वसाधारणपणे शुल्क लागत नाही आणि क्षेत्रातच सरकारी परवानगीने नष्ट केलेल्या मालावरही लागत नाही. मुदत संपलेली औषधे, वाहतुकीत फुटलेली काच, दोन वर्षांत जुनी झालेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे बाजारात जाणारच नसतील, तर त्यांवर शुल्क भरण्याचा प्रसंग येत नाही. निर्यातीच्या बाबतीत कुणी म्हणेल की त्यासाठी ‘ड्रॉबॅक’ची, म्हणजे भरलेले शुल्क परत मागण्याची, सोय आहेच. ती आहे, पण त्यात आधी भरावे लागते, मग आयात आणि निर्यातीचे कागद जुळवावे लागतात आणि तरी परत मिळते ते ९९ टक्के. शिवाय २०१८ पासून कलम २३२ खाली, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने आयातीवर निर्बंध घालण्याच्या तरतुदीखाली, पोलाद व ॲल्युमिनियमवर जे वाढीव शुल्क लागले, त्याला ड्रॉबॅक नाकारलेला आहे. असा माल क्षेत्राबाहेर अमेरिकेत न उतरता तिसऱ्या देशात गेला, तर मुळात शुल्क भरण्याची वेळच येत नाही. परताव्याची वाट बंद असलेल्या ठिकाणी क्षेत्राचे महत्त्व असे वाढते. कॅनडा आणि मेक्सिको यांचा मात्र अपवाद ध्यानात ठेवावा लागतो. अमेरिकेचा त्यांच्याशी जो करार आहे, त्यात शुल्क लांबवणाऱ्या योजनांवर मर्यादा आहेत. त्यामुळे परदेशी भाग वापरून क्षेत्रात बनवलेली वस्तू या शेजाऱ्यांकडे गेली, तर शुल्क सरसकट माफ होत नाही. दोन्ही देशांतील शुल्कांची तुलना करून हिशेब होतो.

आता मुख्य भागाकडे. परकीय व्यापार क्षेत्राची खरी गोम तिसऱ्या बचतीत आहे आणि ती उलट्या शुल्करचनेतून येते. कित्येकदा तयार वस्तूवर शुल्क कमी आणि तिच्या सुट्या भागांवर जास्त असते. अशा वेळी भाग आणून देशात वस्तू बनवणारा कारखानदार तोट्यात आणि तयार वस्तू बाहेरून आणणारा फायद्यात, अशी विचित्र स्थिती होते. क्षेत्रातील कारखान्याला यावर एक निवड मिळते: भागांचा दर द्यायचा की तयार वस्तूचा.

ही निवड कागदावर कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. माल क्षेत्रात घेताना ‘फॉर्म २१४’ हा अर्ज भरतात. आता तो संगणकावरच भरला जातो. त्यात मालाचा दर्जा कोणता, हे लिहायचे असते. ‘प्रिव्हिलेज्ड फॉरेन’ असे लिहिले, तर त्या घटकेला माल शुल्कपत्रकातील ज्या वर्गात मोडतो तो वर्ग आणि त्याचा दर त्याला कायमचा चिकटतो. पुढे त्याचे काहीही बनवले तरी शुल्क त्याच मूळ वर्गाने लागते. ‘नॉन-प्रिव्हिलेज्ड फॉरेन’ राहिला, तर तो बाहेर पडताना ज्या रूपात असेल त्या रूपाचा, त्या दिवशीचा दर लागतो. पहिला दर्जा माल आल्यानंतरही मागता येतो, पण मालाचा वर्ग बदलेल अशी कोणतीही प्रक्रिया होण्यापूर्वीच. आणि एकदा मिळाला की तो सोडून देता येत नाही. याखेरीज देशी मालासाठी ‘डोमेस्टिक’ आणि केवळ निर्यात, साठवण किंवा नाश यांसाठी आलेल्या मालाला ‘झोन रिस्ट्रिक्टेड’ असे आणखी दोन दर्जे आहेत. कारखान्याच्या वर्षभराच्या नफ्यातोट्याचा काही भाग या एका रकान्यात काय लिहिले जाते त्यावर ठरतो, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मोटारींचे उदाहरण घेऊ. प्रवासी मोटारीवर अमेरिकेचा मूळ दर २.५ टक्के. समजा, एका मोटारीत दहा हजार डॉलरचे परदेशी भाग आहेत आणि त्यांवरचा सरासरी दर ४ टक्के आहे. भागांच्या दराने शुल्क झाले ४०० डॉलर. क्षेत्रातल्या कारखान्यात ते भाग नॉन-प्रिव्हिलेज्ड ठेवून त्यांची मोटार बनवली आणि मोटारीचा दर लावून घेतला, तर शुल्क होते २५० डॉलर. एका गाडीमागे दीडशे डॉलर ही रक्कम फार वाटत नाही. पण कारखाना वर्षाला दोन लाख गाड्या बनवत असेल, तर ती तीन कोटी डॉलर होते. येथेच १९८० च्या निर्णयाचे महत्त्व कळते. त्यापूर्वी तयार वस्तूचा दर लावताना क्षेत्रात झालेली मजुरी, खर्च आणि नफा हेही शुल्कपात्र मूल्यात धरले जात. तीस हजार डॉलरच्या मोटारीच्या पूर्ण किमतीवर २.५ टक्के म्हणजे ७५० डॉलर. मग कोण कशाला क्षेत्रात कारखाना काढील? क्षेत्रात वाढलेले मूल्य वगळून फक्त परदेशी मालाच्या किमतीवर शुल्क घ्यावे, असे १९८० मध्ये ठरले आणि त्यानंतर मोटार कंपन्यांची रीघ लागली. साउथ कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग येथील बीएमडब्ल्यूचा कारखाना अशाच उपक्षेत्रात, म्हणजे एका कंपनीच्या स्वतःच्या जागेला दिलेल्या परकीय व्यापार क्षेत्रात, आहे.

या निवडीची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. हलक्या मालवाहू ट्रकवर अमेरिकेत १९६४ पासून २५ टक्के शुल्क आहे. तोच कारखाना त्याच दहा हजार डॉलरच्या भागांतून ट्रक बनवत असेल, तर तयार वस्तूचा दर घेणे म्हणजे २,५०० डॉलर ओढवून घेणे होईल. म्हणून त्या भागांना तो आधीच प्रिव्हिलेज्ड दर्जा मागतो आणि ४ टक्क्यांवर सुटतो. एकाच छपराखाली, एकाच जहाजातून आलेल्या खोक्यांवर दोन वेगळे दर्जे लागलेले असतात आणि दोन्ही कायदेशीर असतात. याला कुणी पळवाट म्हणते. मला ते पटत नाही; कायद्याने दिलेली निवड उघडपणे, सरकारी अर्जात लिहून केली जाते, तिला पळवाट म्हणता येत नाही. ती योग्य आहे का, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

तेलशुद्धीकरण कारखाने आणि औषध कंपन्या याच तत्त्वाचा लाभ घेतात. कच्च्या तेलावर दर बॅरलला १०.५ सेंटपर्यंत किरकोळ शुल्क आहे, पण शुद्धीकरणातून निघणारे काही पदार्थ शुल्कमुक्त आहेत. लाखो बॅरलांच्या उलाढालीत सेंटांचाही हिशेब मोठा होतो. मूळ दरांनुसार बहुतेक तयार औषधे शुल्कमुक्त आणि त्यांचे काही रासायनिक घटक शुल्कपात्र, अशी स्थिती असल्याने तेथे फरक आणखी ठळक असतो.

चौथी बचत अगदी कारकुनी आहे, पण मला तीच सर्वांत खात्रीची वाटते. अमेरिकेत प्रत्येक आयात नोंदीवर ‘मर्चंडाइज प्रोसेसिंग फी’ म्हणून मालाच्या किमतीच्या ०.३४६४ टक्के आकार पडतो. त्याला प्रत्येक नोंदीमागे किमान आणि कमाल मर्यादा असते. २०२५ च्या आर्थिक वर्षात कमाल मर्यादा ६३४.६२ डॉलर होती. क्षेत्रातून सात दिवसांत बाहेर जाणाऱ्या सगळ्या मालाची एकच साप्ताहिक नोंद करता येते; २००० सालच्या कायद्याने ही सोय सर्व क्षेत्रांना खुली केली. आता समजा, एका वितरकाकडे आठवड्याला अडीच लाख डॉलरचे एक असे दहा कंटेनर येतात. बंदरात प्रत्येकाची वेगळी नोंद झाली, तर प्रत्येकावर कमाल आकार पडून आठवड्याला ६,३४६ डॉलर आणि वर्षाला सुमारे ३ लाख ३० हजार डॉलर होतात. साप्ताहिक नोंदीत हाच खर्च वर्षाला ३३ हजारांच्या आसपास येतो. सीमाशुल्काचे कागद करणाऱ्या दलालाचे नोंदीमागचे मानधन कमी होते ते वेगळेच. याला शुल्काचा दर, मालाचा वर्ग, राष्ट्राध्यक्षांचा आदेश कशाचाही संबंध नाही. लागते ती फक्त मालाची आवक. आठवड्याला एखादा कंटेनर आणणाऱ्याने मात्र या वाटेला जाऊ नये. आणि बंदर देखभालीचा ०.१२५ टक्के आकार, जो समुद्रमार्गे आलेल्या मालावर पडतो, तो क्षेत्रात नेल्याने चुकत नाही. तो तिमाहीने भरावा लागतो इतकेच.

स्थानिक करांची सूट हाही एक भाग आहे. परदेशातून येऊन क्षेत्रात असलेल्या मालावर आणि निर्यातीसाठी तेथे ठेवलेल्या देशी मालावर राज्यांना व स्थानिक संस्थांना मालमत्ता कर लावता येत नाही. टेक्साससारख्या राज्यात, जेथे व्यापारी साठ्यावरही असा कर आहे, ही सूट मोठी ठरते. पण तो कर शाळांच्या आणि शहरांच्या तिजोरीत जातो, त्यामुळे तेथे कारखान्याला उपक्षेत्राचा दर्जा देण्याआधी त्या संस्थांचे म्हणणे विचारात घेतले जाते. सवलतीचा पैसा कुणाच्या तरी खिशातून जातो, ही गोष्ट येथे उघड दिसते.

आता अलीकडच्या आदेशांविषयी, कारण सध्याच्या लेखनात सर्वाधिक गोंधळ तेथेच आहे. २०१८ मध्ये पोलाद, ॲल्युमिनियम आणि चीनच्या मालावर वाढीव शुल्के लागली, तेव्हाच अशी अट घालण्यात आली की हा माल क्षेत्रात येताना प्रिव्हिलेज्ड फॉरेन दर्जानेच यावा. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तथाकथित परस्पर शुल्कांनाही तीच अट होती आणि मोटारी व त्यांच्या भागांवरील २५ टक्के शुल्कालाही. डम्पिंगविरोधी, म्हणजे अवाजवी स्वस्तात येणाऱ्या परदेशी मालावर लावल्या जाणाऱ्या, शुल्काच्या बाबतीत तर हा नियम जुनाच आहे. याचा अर्थ असा की ज्या भागावर वाढीव शुल्क आहे, तो क्षेत्रात येताच त्याचा वर्ग गोठतो. त्याची वस्तू बनवून वस्तूचा कमी दर लावून घेण्याची निवड उरत नाही. वर दिलेले दीडशे डॉलरच्या बचतीचे उदाहरण अशा भागांना लागू होणार नाही. तिसरी वाट, जी या योजनेचा प्राण होती, ती एवढ्या मालापुरती बंद आहे.

याउलट पहिली वाट, म्हणजे शुल्क लांबवण्याची, चढ्या दरांनी अधिक मोलाची झाली. म्हणूनच २०२५ मध्ये बॉन्डेड गोदामे आणि परकीय व्यापार क्षेत्रे यांकडे आयातदार वळले. ‘दर वाढला म्हणून क्षेत्रात गेले, म्हणजे वाढीव शुल्क चुकले’ असा निष्कर्ष यातून काढणे मात्र चुकीचे आहे. ते केवळ लांबले; मालाची निर्यात झाली किंवा तो नष्ट झाला तरच चुकले. बॉन्डेड गोदाम आणि क्षेत्र यांत आणखी एक फरक आहे. गोदामातून माल काढताना त्या दिवशीचा दर लागतो, म्हणून दर उतरण्याची आशा असणारा तेथे थांबतो. प्रिव्हिलेज्ड दर्जाच्या मालाला सर्वसाधारण नियमाने दर्जाचा अर्ज केला त्या दिवशीचा दर चिकटलेला असतो, म्हणून दर उतरला तरी त्याला त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. दर वाढण्यापूर्वी माल आत घेऊन जुना दर बांधून ठेवावा, हा हिशेबही नेहमी जुळत नाही. आधीच आत असलेल्या मालाचे काय करायचे, हे नवे आदेश स्वतंत्रपणे सांगू शकतात. प्रत्येक आदेशातील क्षेत्रांसंबंधीचा परिच्छेद वाचल्याशिवाय सल्ला देणाऱ्यापासून चार हात दूर राहावे, इतके मी अनुभवाने म्हणेन.

या सगळ्याची किंमतही मोजावी लागते. क्षेत्रात उत्पादन करायचे असेल, तर कोणते परदेशी भाग वापरणार आणि काय बनवणार, हे मंडळाला आधी कळवावे लागते; त्यावर साधारण १२० दिवसांची छाननी होते आणि तोच माल देशात बनवणाऱ्या उद्योगांना हरकत घेता येते. क्षेत्र चालवणाऱ्याला, म्हणजे चालकाला, सीमाशुल्क विभागाकडे हमीपत्र द्यावे लागते. प्रत्येक नगाचा माग ठेवणारी साठा-नोंदींची यंत्रणा लागते, वर्षअखेरीस ताळमेळ घालावा लागतो आणि नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. साठ्यात तूट निघाली आणि तिचे स्पष्टीकरण देता आले नाही, तर त्या मालाच्या शुल्काची जबाबदारी चालकावर येते, वर दंड. चोख हिशेबाची सवय नसलेल्या कंपनीला क्षेत्र घेणे म्हणजे विकतचे दुखणे. वर्षाचे शुल्क काही हजार डॉलर असणाऱ्याला या खर्चाचे पैसे कधीच वसूल होत नाहीत. म्हणूनच या योजनेचा मोठा लाभ मोठ्या उद्योगांकडे झुकतो आणि यावर होणारी टीका मला अनाठायी वाटत नाही. छोट्यांसाठी एक मधली वाट आहे: अनेकांना खुल्या असलेल्या एखाद्या परकीय व्यापार क्षेत्रात भाड्याने जागा देणारा चालक गाठायचा आणि नोंदींचा भार त्याच्यावर सोपवायचा.

समर्थकांचे म्हणणे असते की यामुळे उत्पादन अमेरिकेत राहते. त्यात तथ्य आहे. मंडळाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांनुसार या क्षेत्रांत सुमारे पाच लाख लोक काम करतात आणि तेथे येणाऱ्या मालापैकी अर्ध्याहून अधिक देशी दर्जाचा असतो. पण ही माणसे क्षेत्र नसते तर बेकार असती, असे त्या आकड्यावरून सिद्ध होत नाही. मोटारीचा कारखाना केवळ दीडशे डॉलरसाठी एखाद्या देशात राहत किंवा सोडत नाही. शुल्करचनाच वाकडी असेल तर ती सरळ करणे, हा थेट उपाय. ती वाकडी ठेवून वर क्षेत्रांची ठिगळे लावणे हे राजकीयदृष्ट्या सोपे असते, एवढेच.

आपल्या निर्यातदारांना याचा संबंध कुठे येतो, ते सांगून पत्र आवरतो. अमेरिकेतील खरेदीदार कधी कधी कळवतो की आमचे गोदाम परकीय व्यापार क्षेत्रात आहे, तेव्हा तुम्ही ‘डीडीपी’ अटीवर, म्हणजे शुल्क विक्रेत्याने भरून पोच देण्याच्या अटीवर, दर द्या. तसेही शुल्क लगेच नाही. ‘लगेच नाही’ या दोन शब्दांवर खुश होऊन दर कमी करणाऱ्या निर्यातदाराला सहा महिन्यांनी माल क्षेत्राबाहेर निघताना शुल्काचे बिल येते, आणि तोवर त्या व्यवहारातला नफा त्याने वापरून टाकलेला असतो. म्हणून करार करताना काही गोष्टी लेखी घ्याव्यात. अमेरिकी कागदांवर आयातदार म्हणून कुणाचे नाव असेल? माल कोणत्या दर्जाने आत जाईल? माल क्षेत्रात पोचला की मालकी आणि पैसे हस्तांतरित होणार, की खरेदीदार गरजेनुसार उचलेल तसतसे? क्षेत्रात पडून असलेला माल विक्रेत्याच्या मालकीचा राहू शकतो, आणि खरेदीदाराला ते सोयीचेच असते; न खपलेला माल परत पाठवला तर शुल्क लागत नाही, पण दोन्ही बाजूंचे जहाजभाडे आणि गोदामभाडे कुणीतरी सोसायचे असतेच. मधल्या काळात दर बदलला, तर फरक कुणी भरायचा, हे कलम करारात नसेल, तर व्यवहारात तो सहसा मालाचा मालक असलेल्या, लांबच्या आणि लहान पक्षाच्या माथी येतो. ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी हे कलम घालून घ्यावे आणि खरेदीदार नकार देत असेल, तर दर डीडीपीऐवजी ‘एफओबी’वर, म्हणजे माल आपल्या बंदरात जहाजावर चढवण्यापर्यंतचाच, द्यावा.

आपला,
आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करणारा एक वाचक